पांघरूण घालणारी बाई

बाबा, तो सिनेमा मी यंदा पुन्हा पाहिला. पोलादपूरला तंबूत पाहिला होता ना, मी अर्धी तुमच्या मांडीवर आणि तोंड तुमच्या सदऱ्यात खुपसलेलं, तोच. इतकी वर्षं मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, टेकडीवरचं मोठं घर, आपोआप हलणारा झोपाळा, आणि पांढऱ्या साडीतली एक बाई हातात कंदील घेऊन पोराच्या खाटेपाशी येते, त्याला पांघरूण घालायला. हे मी माझ्या मुलांना सांगितलं, सुनेला सांगितलं, शाळेत ऑफ तासाला पोरं गोष्ट सांगा म्हणून मागे लागली की चौथीच्या वर्गाला सांगितलं. सगळे म्हणायचे, असा सिनेमा नाहीच. भुताच्या सिनेमात भूत असं वागतं होय! मी चिडायची. माझ्या बापानं मला शेजारी बसून समजावून सांगितलाय, तुम्ही मला शिकवता? शेवटी यंदा मे महिन्यात पुण्याहून नातू आला. त्यानं फोनवर काय बोटं फिरवली कोण जाणे, मला चार-पाच जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवले, आणि पाचव्यात तो झोपाळा हलला. अहो, हातातली चहाची बशी कुठं ठेवावी तेसुद्धा मला सुधरेना.

आधी मागचं लिहिते, नाहीतर पुढचं लिहायला हात उचलणार नाही. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. दसरा तोंडावर आला होता. तुम्ही बाळंतपणासाठी म्हणून मुंबईहून, गोदीतून रजा काढून आला होता. बाळ जगलं, मुलगा होता. आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, तिचा जीव पोरात अडकतो आणि ती त्याला न्यायला परत येते, हे आपल्या वाडीत कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. म्हणून तिला पोचवून येताना माणसं वाटेवर बारीक पिवळे राळे टाकत आली. तिनं यायचंच म्हटलं तर एकेक दाणा वेचत यायचं, आणि वेचून होईपर्यंत उजाडतं, मग तिला मागं फिरावं लागतं. आणि आत्यानं, तुमच्या थोरल्या बहिणीनं, उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला, चांगला बोटभर वर राहील असा. मी दाराआडून पाहत होते. आत्या वाईट नव्हती. लग्नानंतर वर्षात कपाळ पांढरं करून माहेरी आलेली, तिला ना मूल ना बाळ. खिळ्यावर घाव घालताना ती घळाघळा रडत होती आणि म्हणत होती, "येऊ नको गो बाय, येऊ नको. तुजी पोरं मी बगते." तुम्ही खांबाला टेकून उभे होता. घाव बसला की तुमचे डोळे मिटायचे, तेवढंच.

त्यानंतर तुम्ही मुंबईला परत गेला नाहीत. कशेडीच्या रस्त्यावर खडी फोडायच्या कामावर लागलात. सकाळी अंधार असताना निघायचं आणि दिवेलागणीला धुळीनं पांढरं होऊन यायचं. बाळाला आत्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायची, मी त्याला पायावर घेऊन बसायची. आणि मला आईची भीती वाटायला लागली होती, बाबा. हे मी कधी कुणाला बोलले नाही. ज्या बाईच्या कुशीशिवाय मला झोप येत नव्हती, तीच बाई दाराबाहेर राळे वेचत बसली असेल या विचारानं मी घाबरून डोकं झाकून घ्यायची. यावी असंही वाटायचं आणि येऊ नये असंही. उंबरा ओलांडताना मी खिळ्याला पाय लागू देत नव्हते, आणि तरी रोज एकदा वाकून तो हलतोय का ते बघत होते. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एवढं सगळं मावत नाही, पण आपल्या घरात तेव्हा कोण कुणाला विचारत होतं?

मग माघात तो तंबू आला. भात झोडून खळी मोकळी झाली होती, पोलादपूरच्या बाजाराच्या कडेला शेतात तंबू ठोकलेला. तुम्ही मला कंदिलाची काच आणायला बरोबर नेलं होतं. वाडीतली आठ-दहा माणसं सिनेमाला थांबणार होती, उमरठच्या बाजूचे पावणेही होते. बाहेरच्या फळीवर फुलांच्या झाडाखाली गाणं म्हणणारी एक बाई रंगवलेली, त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल, पोरीला बघायला बरं आहे. मधोमध दोरी, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. मला बायकांत कुणाजवळ बसवणार? म्हणून मी पुरुषांत, तुमच्या मांडीपाशी, घोंगडीवर. काच तुम्ही टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली होती. सिनेमा हिंदी. आपल्या माणसांत हिंदी येणारे तुम्ही एकटे, कारण तुम्ही चार वर्षं गोदीत काढलेली. आणखी एक जण होता, मुंबईहून नुकताच आलेला, तो आपल्या मागच्या रांगेत.

पहिली गाणी-बिणी झाली आणि ते घर आलं. आई मेलेलं पाच-सहा वर्षांचं पोर खाटेवर निजलंय. बाहेर झोपाळा हलतोय. मग दार कुरकुरतं, आणि पांढऱ्या साडीतली बाई कंदील घेऊन आत येते, केस मोकळे. अख्खा तंबू ओरडला. बायकांच्या बाजूनं तर कुणीतरी देवाचा धावाच सुरू केला. मी तुमच्या सदऱ्यात घुसले आणि विचारलं, "ती कोण?" माझ्या पाठीवरचा तुमचा हात थांबला. मला तो हात अजून आठवतो, खडीनं सोलवटलेला. मग तुम्ही म्हणालात, "घाबरू नको गो. ती त्याची आय हाय." मी म्हटलं, "मेलेली?" तुम्ही म्हणालात, "हां, मेलेली. पोराला बगाय आलीय. नेत नाय ती. थंडी हाय ना, अंगावर पांगरून घालाय आलीय. बग तू." मी एक डोळा बाहेर काढला. ती बाई खाटेवर वाकली होती, दोन्ही हातांत काहीतरी पांढरं धरलेलं. मग पडदा काळा झाला, रीळ संपलं.

तंबूवाल्याकडे मशीन एकच. रीळ बदलेपर्यंत दिवा लागायचा, लोक विड्या ओढायचे, भुईमुगाच्या शेंगा खायचे. तुम्ही विडी काढलीत आणि पेटवलीच नाहीत. नुसती बोटांत धरून समोर बघत बसलात. मला वाटलं दमलात. मागचा मुंबईवाला पुढं वाकून म्हणाला, "आवो, पण ती तर..." तुम्ही मान वळवलीत. "तुला इचारलं काय कुणी?" एवढंच. तुम्ही कधी कुणावर आवाज चढवत नसायचात, म्हणून तो बिचारा गपगार झाला. पुढची सगळी रिळं तुम्ही सांगत राहिलात, आधी माझ्या कानात, मग जरा मोठ्यानं, कारण आपल्या वाडीची माणसं सरकत सरकत तुमच्याभोवती गोळा झाली होती. ती म्हणतीय पोराला जेवाय घाला. ती म्हणतीय मी लांब न्हाय गेल्ये. आयुष्यात तुम्ही एका दमात एवढं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नाही आणि त्यानंतरही नाही. शेवटी पोलिसांची जीप येते आणि त्या बाईला बसवून नेतात. मी विचारलं, आता कुठं नेतात? तुम्ही म्हणालात, "तिला न्यायाला मोटार आलीय. मान हाय तिचा. पोर बरा हाय ह्ये बगितलंन, आता ती सुकानं जाईल." आपल्याकडे तेव्हा मोटार फक्त साहेबाला यायची. मेलेल्या आईला मोटार येते हे ऐकून मी घोंगडीवर ताठ बसले.

वाडीत दुसऱ्या दिवसापासून तोच सिनेमा, तुम्ही सांगितलेला. जे आले नव्हते त्यांनाही तोच सांगितला गेला. मुंबईवाल्यानं चावडीवर एकदा तोंड उघडलं तर म्हाताऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं, आम्ही डोळ्यांनी बगितला, तू काय सांगतोस. त्यामुळे खरं काय ते मला कळायचा रस्ताच उरला नाही.

आता तो खिळा. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पाण्याला गेली होती. बाळ झोळीत. मला एकच कळलं होतं, आई न्यायला येत नाही, बघायला येते, आणि आपण मात्र तिच्या वाटेत खिळा ठोकून बसलोय. तिला किती लागत असेल! तुमची जुनी हातोडी दाराआड असायची, दांडा मोडलेली. त्या हातोडीनं मी खिळ्याला एकदा इकडून ठोकलं, एकदा तिकडून, इकडून, तिकडून. हाताला फोड आले. दुपार कलली तेव्हा तो निघाला. मी तो ओढ्याच्या डोहात टाकला आणि भोकात शेणाचा गोळा दाबून वरून हात फिरवला, आत्या सारवते तसा. आत्याला कळलं नाही, खिळा ठोकल्यापासून ती उंबऱ्याकडे बघतच नव्हती. तुम्हाला कळलं. आज मला खात्री आहे की तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं, कारण तुम्ही कामावरून आलात, वाकून उंबऱ्याला हात लावलात, नेहमी कपाळाला लावायचात तसा, आणि हात तिथंच राहिला. ओलं शेण होतं ना. मग तुम्ही पायरीवर बसलात. आत्या आतून हाका मारतेय, पाणी तापलं, पाणी तापलं, आणि तुम्ही बसून. मी चुलीपाशी, जीव मुठीत धरून. मग तुम्ही उठून आंघोळीला गेलात.

मी आईची वाट बघत जागी राहायचं ठरवलं होतं आणि पोरवयात जे होतं तेच झालं, झोपले. मधेच कधीतरी जाग आली तर अंगावर आईची गोधडी. तिच्या लुगड्यांची, हिरव्या काठाची. ती गोधडी आत्यानं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली होती, मला हात लावायचीसुद्धा बंदी. तिच्या चुलीच्या धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास. मी डोळे उघडले नाहीत. बघितलं तर जाईल असं वाटलं. बाळाच्या अंगावरही ती पुरली होती. सकाळी उठले तर गोधडी नाही, गाठोडं माळ्यावर जिथल्या तिथं. स्वप्न म्हणावं, तर बाळाच्या मुठीत हिरवा दोरा. बाबा, इतकी सुखी मी आयुष्यात पुन्हा झाले नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. तो दोरा मी माझ्या परकराच्या नाडीला बांधून ठेवला.

पाचव्या की सहाव्या दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले. आत्यानं बाळकडू उगाळलं, मिरच्या ओवाळल्या, उतारा टाकला. तिसऱ्या दिवशी ते गेलं. चार महिन्यांचं पोर, हातात मावेल एवढं झालं होतं. ते गेल्यावर आत्या वेड्यासारखी उंबऱ्याकडे धावली, शेण उकरलं, आणि तिनं जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या वाडीपर्यंत गेली असेल. माणसं जमली. "खिळा कुणी काडला? माजा खिळा कुणी काडला?" मी कणगीमागे. मला तेव्हाच कळलं होतं, आई आली, पांघरूण घातलं, आणि बाळाला घेऊन गेली. मी दार उघडून दिलं होतं. आत्यानं घरात नजर फिरवली, ती माझ्यापर्यंत येणार, तेवढ्यात तुम्ही अंगणातून म्हणालात, "मी काडला." आत्या म्हणाली, "तू?" तुम्ही म्हणालात, "पायात येत व्हता." बस, एवढं बोलून तुम्ही बाळाला उचललंत.

पायात येत होता म्हणून बापानं पोटच्या पोराला अळवंतीच्या तोंडी दिलं. वाडी हे विसरली नाही. तुमच्याशी कुणी भांडलं नाही, पण तुमच्या दुसऱ्या लग्नाचं कुणी विचारलं नाही, आणि पंगतीत तुमच्या शेजारी लहान पोर घेऊन कुणी बसायचं नाही. आत्या तुमच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. जेवायला वाढलं की भिंतीकडे बघून म्हणायची, "ज्याला जेवायचंय त्यानं जेवावं." तुम्ही जेवायचात. आणि मी त्याच घरात, त्याच पंगतीला, तोंड शिवून बसलेली. रोज ठरवायची, आज सांगते. आणि सांगितलं तर आत्या आपल्याशीही भिंतीकडे बघून बोलेल, या भीतीनं ताटावरून उठायची. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही मला महाडला शिकायला ठेवलंत, एका शिक्षिकाबाईंच्या घरी, वरकाम करायचं आणि शाळा करायची. मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही म्हणून घालवलंत. मी खूप शिकले मग, रागानं शिकले. मॅट्रिक झाले, मास्तरकीचं ट्रेनिंग केलं, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नोकरीची ऑर्डर हातात घेऊन वाडीत आले. आणि आले ती भांडायलाच. तुम्ही गोठ्याशी दावं वळत बसला होता. मी काय काय बोलले! म्हटलं, बाळ जुलाबानं गेलं, अंगातलं पाणी संपून गेलं, पोलादपूरला डॉक्टर होता, दीड तासाची वाट, आणि तुम्ही इथं खिळे मोजत बसलात. आत्या अडाणी, पण तुम्ही मुंबई पाहिलेली! खिळा ठोकताना गप्प, पोर मरताना गप्प, दगड आहात तुम्ही. आणि मग, पोरांना विज्ञान शिकवायला निघालेली मी, एका दमात पुढचं बोलले, मला ते शब्दही अडखळले नाहीत. "तुमच्यापेक्षा आई बरी. मेलेली असून ती आली, मला पांघरूण घालून गेली. तुम्ही जिवंत असून काय केलंत माझ्यासाठी?"

तुमचे हात दाव्यावर थांबले. तुम्ही वर बघितलं नाहीत. मग म्हणालात, "होय गो. आलती ती. मी बगितली." आणि पुन्हा दावं वळायला लागलात.

मी त्या वाक्यावर जगले, बाबा. तुम्ही साक्ष दिली होती ना! कधी शंका आलीच, तर मी मनात म्हणायची, बाबांनीही पाहिली आहे, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. त्यानंतर तीन वर्षांनी तुमची छाती भरली, दगडाची धूळ, आणि तुम्ही गेलात. एसटीच्या कंडक्टरनं शाळेत निरोप आणून दिला तोवर तुम्हाला नेऊन झालं होतं. तुमच्या वाटेवर कुणी राळे टाकले नव्हते. पुरुषमाणसाला टाकत नाहीत. उंबऱ्याचं भोक तसंच होतं, तुम्ही यायला अगदी मोकळे होतात, आणि तुम्ही यावं म्हणून मी एक रात्र, एक दुपारसुद्धा वाट पाहिली नाही. वाट मी तिचीच पाहत राहिले.

तर मग टीव्हीवर तो सिनेमा लावला. नातू शेजारी, कुरकुरीत काहीतरी खात. आता मला हिंदी येतं. ती बाई भूत नाहीच हो! ती पोराची लांबची मावशी. इस्टेटीसाठी मेलेल्या बहिणीचं सोंग घेऊन फिरते, पोर घाबरून मरावं म्हणून. तेवढ्यानं मरत नाही म्हटल्यावर ती त्याच्या खाटेशी येते, कंदील खाली ठेवते, दोन्ही हातांनी उशी उचलते आणि पोराच्या तोंडावर दाबायला वाकते. नातू म्हणाला, "आजी, ही तर व्हिलन आहे! तू तर आई-आई म्हणत होतीस." आणि शेवटी जीप येते, तिच्या हातांत पदराआड बेड्या. जाता जाता ती वळून त्या पोराला शिव्या घालते. त्या शिव्यांच्या जागी तुम्ही मला सांगितलं होतं, "लेकराला जपा, असा सांगतीय." मला आधी हसू आलं. नातूही हसला. मग माझं हसू थांबेना, आणि ते रडणं कधी झालं ते त्याला कळलं नाही, तो पाणी आणायला धावला.

कारण त्या सिनेमात पांघरूण कुठंच नाही, बाबा. ना गोधडी, ना चादर. मी पुन्हा लावून पाहिलं, तीनदा पाहिलं. पांघरूण तुमच्या डोक्यातून आलं. त्या अंधारात, पोटाशी काच धरून, मेलेल्या आईला घाबरणारी पोरगी मांडीवर घेऊन, तुम्ही एका क्षणात ते रचलंत. आणि पांघरूण तुमच्या डोक्यातलं, तर हातही तुमचाच. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर ओलं शेण लागल्यावर तुम्हाला कळलं असणार, पोरगी आज आईची वाट बघणार. पायरीवर बसून तुम्ही तेच ठरवत होता. मग माळ्यावरचं गाठोडं सोडलंत, कामावरून आलेल्या त्या सोललेल्या हातांनी आम्हा दोघांना गोधडी घातलीत, आणि आत्या उठायच्या आत बाळाच्या मुठीतून हळूच ओढून काढलीत. दोरा तेवढा राहिला. आणि बाळ गेल्यावर "मी काडला" म्हणालात ते नुसतं मला वाचवायला नाही, हेही आज कळतंय. तुम्हाला खरंच वाटत होतं की काढला तुम्हीच. तुमच्या गोष्टीनं काढला. बाळ जुलाबानं गेलं, खिळ्यानं नाही, हे मला कळतं, तुम्हालाही कळत असेल. पण कळून काय होतं? मलाही कळतंच आहे ना, आणि तरी पुढचं वाक्य मी दोनदा खोडलं. खिळा मी काढला होता, बाबा. तुम्हाला ठाऊक होतं, तरी एकदा माझ्या तोंडून यायला हवं होतं. आणि दगड म्हणाले ते मी परत घेते.

हे कुणाला पाठवायचं? शाळेच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं आहेत, लिहून झालं की वही जाईल कपाटात. नातू पुण्याला परत गेला. जाताना त्यानं मला तो सिनेमा टीव्हीवर कसा लावायचा ते दाखवलं आणि रिमोटवरची दोन बटणं शिकवली, एक आवाज बंद करायचं आणि एक चित्र थांबवायचं. एक सांगायचं राहिलं. दुपारी घरात कुणी नसलं की मी तो सिनेमा आवाज बंद करून लावते. झोपाळा हलतो, दार उघडतं, ती बाई कंदील घेऊन येते, आणि मी तुमच्या शब्दांत मोठ्यानं सांगते, घाबरू नको गो, थंडी हाय ना. ती वाकते, तिच्या दोन्ही हातांत ते पांढरं असतं, आणि मी तिथंच थांबवते. पुढं जाऊ देत नाही. तेवढंच पाहिलं तर तुम्ही सांगितलेलंच खरं दिसतं.